जांभ्याखालची माती आणि पाचवं सेमिस्टर: लॅबच्या नोंदी

८ जुलै २०२५, मंगळवार

यंदा मृदायांत्रिकीच्या (मातीची ताकद, ओलावा, घनता तपासायच्या) लॅबमध्ये कोपऱ्यातल्या पोत्यातली माती वापरायची नाही, असं ठरवून टाकलं. तीच चाळलेली, वाळलेली माती वर्षानुवर्षं फिरते आणि तिचे आकडे वरच्या वर्गाच्या जर्नलमध्ये पक्के होऊन बसलेत. मुलांना रॅमर (माती ठोकायचं वजन) हातात घ्यायच्या आधी उत्तर माहीत असतं. मग उलट्या बाजूने रीडिंग काढायला कितीसा वेळ लागतो?

प्रत्येक गटाने आपल्या गावची किंवा येण्याजाण्याच्या वाटेवरची माती आणायची. चार ठिकाणं ठरली: चिरेखाणीच्या तळाशी जांभ्याखाली लागणारी पिवळट मऊ माती, खाडीकाठच्या खाजणातला गाळ, घाटातल्या कटिंगची लाल माती आणि पुळणीवरची वाळू. वरची फूटभर माती, मुळं, पालापाचोळा बाजूला काढून मगच खणायचं. पिशवी दुहेरी, तोंड घट्ट बांधलेलं. आत चिठ्ठी: जागा, खोली, वर काय होतं, खाली काय लागलं, पाऊस होता का. चिठ्ठी नसलेली पिशवी मी परत पाठवणार आहे.

११ जुलै, शुक्रवार

पिशव्या आल्या. गाळाच्या पिशवीचा वास व्हरांड्यापर्यंत गेला. शेजारच्या लॅबमधून विचारणा झाली.

पहिलं काम ओलाव्याचं. डब्या धुऊन, पुसून, नंबर टाकून मोकळं वजन, मग ओली माती, मग ओव्हनमध्ये १०५ ते ११० अंशांवर रात्रभर. एरवी हा प्रयोग मुलं हसत हसत उरकतात. गाळाचा आकडा आला तसे दोघं पळत आले, "मॅडम, ओलावा ९४ टक्के आलाय. एवढा येऊच शकत नाही." ओलावा कोरड्या मातीच्या वजनावर काढतात, एकूण वजनावर नाही, हे तिथे मनात बसलं. १०० च्या वर गेला तरी बिघडत नाही, उलट खाडीच्या गाळाला ते शोभतं.

खरी अडचण पुढच्या प्रयोगांची आहे. माती हवेत सुकवून घ्या, असं पुस्तकात लिहून मोकळे होतात. कोकणात जुलैमध्ये टॉवेल तीन दिवस सुकत नाही, तिथे ट्रेमधली चिकणमाती कधी सुकणार? पंख्याखाली ट्रे मांडलेत. मामा (आमचे लॅब असिस्टंट, सगळा वर्ग त्यांना मामाच म्हणतो) म्हणाले, "ओव्हनला टाकतो की, उद्या सकाळी तयार." नको म्हटलं, पण त्यांच्या बोलण्यावरूनच पुढचा प्रयोग सुचला. एकाच मातीचे तीन वाटे करायचे: एक आली तशीच ओली, एक हवेत सुकवलेली, एक ओव्हनमधली. तिन्हींची द्रवसीमा (ज्या ओलाव्यापुढे माती पातळ होऊन वाहायला लागते) काढायची.

२२ जुलै, मंगळवार

आज सुरुवातीला प्रयोगाचं बोलणंच झालं नाही. २०२१ मध्ये याच तारखेला चिपळूण पाण्याखाली गेलं आणि संध्याकाळी महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली. वर्गात चिपळूणची मुलं आहेत. घरात पाणी कुठवर चढलं होतं ते एकाने हात वर करून दाखवलं. एकीने विचारलं, "मॅडम, आपण इथे वाटीत माती ठोकून त्याचं काय कळणार?" रास्त प्रश्न आहे. वाटीतून सगळं कळत नाही. पण ही माती पाण्याबरोबर कशी वागते ते कळतं, आणि दरडीचा हिशेब करायचा तर ते लागतंच. कटिंगची लाल माती पुढच्या महिन्यात शिअर बॉक्समध्ये (माती घसरायला किती जोर लागतो ते मोजायच्या पेटीत) घालू, तेव्हा याच प्रश्नावर परत येऊ म्हटलं.

मग कासाग्रांदेचं उपकरण, म्हणजे द्रवसीमा काढायची, हँडल फिरवलं की आपटणारी वाटी. आधी वाटीची उंची तपासली. पडण्याची उंची बरोबर १० मिलिमीटर हवी आणि आमच्या दोन उपकरणांपैकी एकात ती ढळलेली होती. मुलांनीच स्क्रू सैल करून, गेजचा ठोकळा घालून ती बसवली. यंत्र जुळवल्याशिवाय रीडिंग घ्यायचं नाही ही सवय द्रवसीमेच्या आकड्याहून जास्त टिकेल, असं माझं मत.

हँडल सेकंदाला दोन फेऱ्यांनी फिरवायचं. कोणी भरभर फिरवतं, कोणी रेंगाळतं. वर्गात जाखडीला ढोलकी वाजवणारा एक मुलगा आहे. त्याने टेबलावर बोटांनी लय धरली आणि चारही गट त्या लयीत फिरवू लागले. मोबाइलवरच्या टिकटिकीपेक्षा हे बरं जमलं. वाटीतल्या मातीत पाडलेली खाच १२ मिलिमीटर लांबीवर मिटली की थांबायचं, ठोके मोजायचे, मिटलेल्या जागेची माती डबीत. २५ ठोक्यांना जो ओलावा ती द्रवसीमा. बरोबर २५ वर खाच मिटायलाच हवी असं नाही, चार-पाच रीडिंग २५ च्या अलीकडे-पलीकडे घेऊन आलेखावरून काढायचं. हे सांगूनही एका गटाची सगळी रीडिंग २४, २५, २६ अशी आली. "किती नशीबवान तुम्ही," एवढंच म्हटलं. त्यांनी मुकाट्याने नवी माती कालवायला घेतली.

२५ जुलै, शुक्रवार

या सेमिस्टरचा सगळ्यात भारी दिवस, म्हणून सविस्तर लिहिते.

चिरेखाणीच्या तळाच्या मातीचे आकडे फळ्यावर मांडले. आली तशी ओली: द्रवसीमा ६१. हवेत सुकवलेली: ५७. ओव्हनमधली: ४८. माती एक, पिशवी एक, चाळणी तीच ४२५ मायक्रॉनची. सुघट्यता सीमाही काढली होती. काचेवर तळहाताने लोळवून ३ मिलिमीटरचा दोरा करायचा आणि तो तुटायला लागेल तो ओलावा धरायचा. ओल्या मातीची ३६ आली, ओव्हनमधलीची ३३. म्हणजे सुघट्यता निर्देशांक (दोन सीमांमधला फरक) एकीकडे २५, दुसरीकडे १५.

आयएस १४९८ (मातीच्या वर्गीकरणाचं भारतीय मानक) च्या तक्त्यावर बिंदू टाकले. चिकणमाती आणि गाळवट माती वेगळी करणाऱ्या ए-रेषेचं समीकरण निर्देशांक = ०.७३ (द्रवसीमा − २०). दोन्ही बिंदू रेषेच्या खाली, म्हणजे गाळवट मातीच्या बाजूला. पण द्रवसीमा ५० च्या वर असलेली माती एमएच (जास्त द्रवसीमेची गाळवट) आणि खालची एमआय (मध्यम). ओव्हनमध्ये एक रात्र काढून मातीची जात बदलली! वर्ग गप्प. मग चुकांची शोधाशोध सुरू झाली: डब्यांचे नंबर बदलले असतील, ठोके कमी मोजले असतील. दुसऱ्या गटाने परत करून बघितलं, फरक तसाच राहिला.

एका मुलीने पुस्तकातून शोधून आणलं, की ओव्हनमध्ये सुकवल्यावर द्रवसीमा पाऊणपटीच्या खाली घसरली तर माती सेंद्रिय समजायची. चांगला शोध. खाडीच्या गाळाला लावून बघितलं: ओल्याची ८८, ओव्हनची ५९, म्हणजे ०.६७. सेंद्रिय. वासाने आधीच सांगितलं होतं. पिवळट मातीचं गुणोत्तर ०.७९. पाऊणच्या वर, पण घसरण आहेच. त्या मातीला ना वास, ना काळेपणा. खाणीच्या तळाशी इतक्या खोल पालापाचोळा पोचणार कसा? मग ती का घसरली?

उत्तर दिलं ते ज्याच्या घरी चिरेखाण आहे त्या मुलाने. "मॅडम, चिरा खाणीतून काढतो तेव्हा मऊ असतो. वाऱ्या-उन्हात पडला की कडक होतो. मग परत पाण्यात टाकला तरी मऊ होत नाही. तसंच असेल का?"

तसंच आहे. जांभ्यात आणि त्याच्याखालच्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं भरपूर असतात. पाणी निघून गेलं की ती बारीक कणांना एकमेकांशी चिकटवतात आणि परत पाणी घातलं तरी ते कण सहज सुटत नाहीत. बारीक कणांचे मोठे गोळे झाले की पाणी धरायची ताकद कमी, द्रवसीमा कमी. फ्रान्सिस ब्युकॅननने १८०७ मध्ये केरळातल्या अंगाडिपुरमच्या दगडाचं वर्णन छापलं, त्यातही हेच होतं: कापताना सुरीसारख्या हत्याराने कापला जातो, हवेवर पडला की विटेसारखा टणक होतो. उघड्या हवेत चिऱ्याचं जे सावकाश होतं, ते आमच्या ओव्हनने एका रात्रीत केलं.

याचा उलटा प्रकारही करून पाहिला. तीच ओली माती पाच मिनिटं कालवून आणि अर्धा तास कालवून. जास्त कालवलेलीची द्रवसीमा चढी आली, कारण चिकटलेले गोळे फुटतात. तेव्हा जर्नलमध्ये यापुढे नुसता "द्रवसीमा ६१" चालणार नाही. कशी सुकवली, किती वेळ कालवली, हे आकड्याशेजारी लिहायचं.

५ ऑगस्ट, मंगळवार

कटिंगमधून लाल मातीचा अखंड ठोकळा आणला. मेण लावून, कापडात गुंडाळून, मांडीवर धरून एसटीने. कंडक्टरने केक आहे का विचारलं म्हणे.

त्यातून ६० बाय ६० मिलिमीटरचे नमुने कापणं हे हाताचं काम आहे. जांभ्याचा खडा मध्ये आला की कड ढासळते. बरेच नमुने वाया गेले, पण मुलांना ठोकळ्यातल्या भेगा, बारीक नळ्यांसारखी भोकं, मुळांच्या वाटा दिसल्या. चाळलेल्या मातीत हे कधीच दिसलं नसतं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

शिअर बॉक्स. अर्धे नमुने आहेत त्या ओलाव्यावर, अर्धे बॉक्समध्ये पाणी भरून, वरचं वजन ठेवून भिजवलेले. वरचा दाब ५०, १०० आणि १५० किलोपास्कल. मिनिटाला १.२५ मिलिमीटरचा नेहमीचा वेग वाळूला ठीक, या मातीतलं पाणी तेवढ्यात बाहेर पडत नाही. मामांनी गिअर सगळ्यात सावकाश वेगावर टाकून दिला. प्रॅक्टिकलची वेळ संपली तरी कोणी उठलं नाही.

न भिजवलेल्या मातीचं संसंजन (कणांची एकमेकांना धरून राहायची ताकद) ३४ किलोपास्कल, घर्षणकोन (कणांच्या घासण्यातून मिळणाऱ्या ताकदीचं माप) २९ अंश. भिजवलेल्याचं संसंजन ८, कोन २७. कोन जवळजवळ जागच्या जागी आणि संसंजन पार वाहून गेलेलं. हे संसंजन बहुतेक मातीचं स्वतःचं नव्हतंच. अर्धवट ओल्या मातीत पोकळ्यांमधलं पाणी कणांना आत ओढून धरतं, त्या ओढीचं होतं. पोकळ्या पाण्याने भरल्या की ओढ संपली.

मग उभी कटिंग आधाराशिवाय किती उंच टिकेल, ती सैद्धांतिक उंची काढली: चार गुणिले संसंजन, भागिले एकक वजन, गुणिले ४५ अधिक अर्ध्या घर्षणकोनाचा टॅन. न भिजलेल्या मातीला १२ मीटरच्या वर येते. भिजलेल्या मातीला जेमतेम पावणेतीन. यात वरच्या भेगा धरलेल्या नाहीत, सुरक्षा गुणांकही नाही. मे महिन्यात सरळ उभी असलेली दरड जुलैत रस्त्यावर का येते, हे २२ जुलैला विचारणाऱ्या मुलीने या दोन आकड्यांवरून स्वतः मांडून दाखवलं. मी फक्त एवढी भर घातली, की दरडींचं कारण सगळीकडे एकच नसतं. जांभ्यातून पाणी झरझर खाली उतरतं आणि खालच्या चिकण थरावर अडतं, तिथे पाण्याचा दाब साठतो, तो भाग या बॉक्समध्ये आलेला नाही. तेर्झागीचं परिणामी प्रतिबलाचं (एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा करून मातीच्या कणांवर उरणाऱ्या दाबाचं) सूत्र थिअरीच्या तासाला झालं होतंच, आज ते कोणाला पाठ करावं लागलं नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

वर्गात निम्मी हजेरी. २७ ला गणपती. उरलेल्यांना घेऊन चाळण्या साफ केल्या.

९ सप्टेंबर, मंगळवार

हलकं संघनन, म्हणजे माती ठोकून घट्ट करायचा प्रयोग, आयएस २७२० चा भाग ७. एक लिटरचा मोल्ड, २.६ किलोचा रॅमर, ३१० मिलिमीटरवरून, तीन थर, प्रत्येकी २५ ठोके. खाणीची माती, वरच्या जांभ्याच्या बारीक खड्यांसकट.

पाणी किती घालायचं यावर गटागटांत वाद चालला होता. मामा येऊन मातीची मूठ वळून बघत म्हणाले, "हे फार झालं. एवढं पाणी मारून खळं चोपलंत तर चोपण्याला माती चिकटून वर येईल." दसरा-दिवाळीकडे अंगणाचं खळं करताना माती पसरून, पाणी मारून, ती किती 'आल्यावर' चोपायला घ्यायची, हे अर्ध्या वर्गाने घरी बघितलेलं आहे. एकीने सांगितलं, आजी पायाच्या अंगठ्याने दाबून बघते. मामांनी मुठीने सांगितलेला ओलावा मी डबीत घालून ओव्हनला लावला, मुलांना न सांगता.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

इष्टतम ओलावा (ज्याला माती सगळ्यात घट्ट बसते) १९.५ टक्के, कमाल शुष्क घनता १.७४ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. मामांची मूठ २१.

पण खरी गंमत आलेखावर झाली. शून्य हवा-पोकळीची रेषा (सगळ्या पोकळ्या पाण्यानेच भरल्या तर येणारी घनता) काढली आणि ओल्या बाजूचा एक बिंदू, २२ टक्क्यांना १.७०, तिच्या पलीकडे गेला. रेषेच्या पलीकडे जाणं म्हणजे मातीतल्या पोकळ्यांपेक्षा जास्त पाणी त्यात बसवणं. अशक्य. (जर्नल कॉपी केलेली आहे का, हे ओळखायचा माझा जुना हुकमी उपाय हाच. आकडे बनवणारे ही रेषा तपासत नाहीत.) गटाने लगेच खोडरबर काढला. "मॅडम, हा १.६६ करू का?"

वजनं माझ्यासमोर झाली होती. बिंदू जागचा हलवायचा नाही म्हटलं, रेषा कशावरून काढली ते सांगा. विशिष्ट गुरुत्व (मातीचे कण पाण्याच्या किती पट जड) २.६५ धरून. ते कुठून आणलं? वरच्या वर्गाच्या जर्नलमधून.

१६ सप्टेंबर, मंगळवार

विशिष्ट गुरुत्व. पिक्नोमीटरची (गुरुत्व मोजायच्या बाटलीची) पितळी टोपी दर वेळी त्याच खुणेपर्यंत आवळायची, नाहीतर आकारमान बदलतं. पहिल्या फेरीत २.७१ आलं. बाटली उन्हाकडे धरली तर मातीत बुडबुडे अडकलेले. अडकलेली हवा गुरुत्व कमी दाखवते. मग व्हॅक्यूम पंप लावला, मध्ये मध्ये बाटली हलवत राहिले, बुडबुडे थांबेपर्यंत. २.८४ आलं. दुसऱ्या गटाचं २.८३.

लोह भरलेल्या मातीचे कण जड असणारच. २.८४ धरून २२ टक्क्यांना रेषा १.७५ च्या आसपास जाते, म्हणजे १.७० चा बिंदू आरामात अलीकडे. २.६५ ने तीच रेषा १.६७ वर येत होती. त्या गटाने आलेखावर दोन्ही रेषा ठेवल्या आहेत, जुनी तुटक आणि नवी सलग. तसंच ठेवा म्हटलं.

३० सप्टेंबर, मंगळवार

जागेवरची घनता. पार्किंगसाठी चाललेला भराव याच खाणीच्या मातीचा, म्हणून तिथे गेलो. कोअर कटर (जमिनीत ठोकून नमुना काढायचं नळकांडं) दोनच ठोक्यांत जांभ्याच्या खड्यावर बसला आणि धार मुडपली. खडेवाल्या मातीला कोअर कटर चालत नाही, खड्डा खणून त्यात वाळू भरून आकारमान मोजायची पद्धत लागते, हे आता कोणी विसरणार नाही. कटरला मात्र लोहाराकडे न्यायला हवं.

वाळू आमच्या पुळणीची. समुद्राची वाळू तशीच वापरली तर मीठ ओल धरतं आणि शंकूतून सरसर पडत नाही. गोड्या पाण्याने खळखळून धुतली, सुकवली, १ मिलिमीटरमधून गेलेली आणि ६०० मायक्रॉनवर राहिलेली तेवढी घेतली. शिंपल्यांचे तुकडे बरेचसे वरच्या चाळणीतच अडकले. सिलिंडरचं कॅलिब्रेशन सकाळी करून घेतलं होतं.

शुष्क घनता १.५८. कमाल १.७४ च्या तुलनेत ९१ टक्के, अपेक्षा ९५ ची. रोलरवाला शेजारी उभा राहून सगळं बघत होता. "किती आलं?" विचारलं. आकडा ऐकून काही न बोलता रोलर सुरू केला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

तळातून पाणी शिरणाऱ्या वाळूचा प्रयोग. उपकरण लॅबमध्ये नाही, मुलांनी पारदर्शक पाइप, जाळी, नळी आणि दोरीने वर-खाली होणारी बाटली जोडून केलं. तेर्झागीने इस्तंबूलच्या रॉबर्ट कॉलेजात सिगारच्या खोक्यांपासून आणि भंगारातून आपली पहिली उपकरणं बनवली होती, आणि १९२५ मध्ये या विषयाचा पाया घातला. आमच्या पाइपला त्या मानाने बरे दिवस आहेत.

वाळूचा थर २० सेंटिमीटर. बाटली वर नेत गेलो. पाण्याची उंची १९ सेंटिमीटरच्या आसपास गेली तशी वाळू उकळायला लागली आणि वर ठेवलेला लोखंडी नट दिसेनासा झाला. सूत्राने क्रांतिक उतार (पाण्याची उंची भागिले थराची जाडी, ज्याला वाळू उकळते) १ च्या जवळच येतो. मग रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावरची काळ्या पट्ट्याची वाळू घातली. त्यात इल्मेनाइटसारखी जड खनिजं असतात. ती २० ला ढिम्म. बाटली बरीच वर न्यावी लागली. नंतर साध्या वाळूवर खडीचा पाणी सोडणारा थर, म्हणजे फिल्टर, दिला तर तीही लवकर उकळेना. फिल्टर का लागतो, ते बोलावं लागलं नाही.

चर्चा तिवऱ्यावर जाणार हे ठाऊक होतं. चिपळूण तालुक्यातलं ते मातीचं धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, वाडी वाहून गेली, आणि खेकड्यांनी धरण पोखरलं हे विधान राज्यभर गाजलं. "खेकड्याने खरंच फुटतं का?" बिळांमुळे पाण्याची वाट आखूड होते, उतार वाढतो, म्हणून मातीच्या धरणावर बिळं बुजवणं हे देखभालीचं नेमाचं काम आहे. पण नुसतं बीळ दाखवून चौकशी संपत नाही. फिल्टर होता का, पायथ्याचा निचरा चालू होता का, झिरपणारं पाणी नितळ होतं की गढूळ, ते कोणी रोज बघत होतं का, हे प्रश्न उरतात. गढूळ पाणी म्हणजे माती चालली. आमच्या पाइपमध्येही उकळी फुटायच्या आधी पाणी गढूळलं होतं, दोन गटांनी ते वेळेसकट टिपलं आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

जर्नल तपासली. चार गटांचे आकडे चार तऱ्हेचे, त्यामुळे तपासायला दुप्पट वेळ लागला. पुढच्या वर्षी गट वाढले तर हे जमणार नाही, एका मातीवर दोन गट ठेवावे लागतील. ९४ टक्के ओलावा बघून बाहेरच्या परीक्षकांनी लाल पेन उचललाच होता, पण तो गट चिठ्ठी, डब्यांची वजनं आणि उरलेल्या गाळाची पिशवी घेऊन आला. पिशवी उघडू नका, असं परीक्षकांनीच सांगितलं.

राहिलं ते संघटन, म्हणजे वजनाखाली पाणी सोडत माती सावकाश कशी दबते ते मोजायचा प्रयोग. एकेका वजनाला २४ तास, गाळाला तर जास्तच, ते प्रॅक्टिकलच्या दोन तासांत बसत नाही. सुट्टीनंतर सोमवारी यंत्र लावायचं आणि मुलांनी पाळीपाळीने डायलची रीडिंग घ्यायची असं ठरतंय. रविवारची पाळी अजून कोणी घेतलेली नाही. मामा म्हणाले, चावी माझ्याकडे आहे, पण येऊन चष्मा लावून आकडे तुम्हीच वाचा.